सुराबायातले मराठे : पेठेतल्या एका सजीव देखाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेतल्या तालीम मंडळाचं आहे. मंडळाचं आणि माणसांची नावं मुद्दाम गाळलीत, कारण यात लोकांच्या घरातल्या वस्तू आहेत आणि काही वाद अजून पुरते मिटलेले नाहीत. देखाव्याचं निवेदन लिहिणाऱ्यांत मी होतो त्यामुळं बैठकांत काय काय बोललं गेलं ते जवळून ऐकलंय. दुसऱ्या कुठल्या मंडळाला किंवा शाळेला असा विषय घ्यायचा असेल तर कुठं अडतं ते आधी कळावं म्हणून लिहितोय.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. गौरी विसर्जन झालं की कोल्हापुरात देखावे बघायला घरंच्या घरं बाहेर पडतात, आसपासच्या गावातनं गाड्या करून लोक येतात, आणि काही पेठांत सजीव देखावे असतात, म्हणजे तालमीची पोरंपोरी स्टेजवर येऊन आधी रेकॉर्ड केलेल्या निवेदनावर अभिनय करतात. खेळ दहा-बारा मिनिटांचा. तो संपला की गर्दी पुढं सरकते, नवी येते, परत पहिल्यापासून. जे काय सांगायचंय ते तेवढ्यात, आणि पोराला खांद्यावर घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला कळेल असं सांगायला लागतं.

या मंडळाची परंपरा ऐतिहासिक देखाव्यांची. त्या वर्षी कमिटीनं विषय ठरवला, युरोपच्या साम्राज्यांतून देश स्वतंत्र कसे झाले. कारण साधं होतं, शिवकाळ आणि शाहू महाराज यांच्यावर आसपासच्या सगळ्याच मंडळांचे देखावे होतेच, काहीतरी वेगळं पाहिजे होतं.

अडचण

पहिलं स्क्रिप्ट झेंड्यांचं होतं. भारत १९४७, इंडोनेशिया १९४९, घाना १९५७, अल्जेरिया १९६२, आणि प्रत्येक प्रसंगात तेच, गोरा साहेब सलाम ठोकतो, जुना झेंडा खाली, नवा वर, टाळ्या. रिहर्सलला पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा इतिहासात बीए करणारी एक पोरगी सरळ म्हणाली, "हे बघून असं वाटतंय की सगळ्यांनी एक दिवस ठरवून किल्ल्या दिल्या आणि बोटीत बसून गेले." तिचं खरं होतं. बारा मिनिटं तारखा कळल्या असत्या पण कसं झालं ते अजिबात कळलं नसतं, आणि विषय तर "कसं" हाच होता.

त्यात पेठेतल्या एका निवृत्त सरांनी दुसरा मुद्दा काढला. कोल्हापूर तरी १५ ऑगस्टला नेमकं काय झालं? इथं संस्थान होतं. प्रजा परिषदेची चळवळ झाली, माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी ती चालवली, आणि कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे आपल्या स्वतःच्या गावाचं एका तारखेत बसत नाही आणि आपण अख्ख्या जगाला एकेक तारीख चिकटवतोय.

हे चालू असतानाच तालमीतला एक पोरगा घरातनं एक मेडल घेऊन आला. त्याच्या पणजोबांचं, ते मराठा पलटणीत होते. चांदीचं गोल मेडल, एका बाजूला सहाव्या जॉर्जचं डोकं, जांभळ्या रिबनीच्या मधोमध हिरवा पट्टा, आणि वर एक आडवी पट्टी, तिच्यावर कोरलेलं एस. ई. एशिया १९४५-४६. घरात एवढंच माहीत की पणजोबा जाव्याला, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या बेटावर, होते. पोराचा प्रश्न असा होता की जपान तर ऑगस्ट १९४५ लाच शरण आलं, मग आग्नेय आशियात १९४६ पर्यंत कसली लढाई चालली होती आणि आमचे पणजोबा कुणाशी लढत होते?

सरांनी उत्तर दिलं आणि तिथनं पुढं सगळ्या देखाव्याची दिशा बदलली. ही पट्टी महायुद्धाची नव्हती. जपान गेल्यानंतर जावा, सुमात्रा आणि फ्रेंच इंडोचायनात जे सैन्य पाठवलं त्यांना ती मिळाली. व्हिएतनाममधल्या सायगावला विसावी भारतीय डिव्हिजन गेली. जाव्यात सुराबाया बंदरावर ४९ वी भारतीय ब्रिगेड उतरली आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. तिथं त्यांची गाठ पडली ती नुकतंच स्वतंत्र झालोय असं जाहीर केलेल्या इंडोनेशियन पोरांशी.

बैठकीत कुणीच काही बोलेना. मग अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपलीच माणसं दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या आड उभी होती का?" अडचण म्हणजे हीच. हे माहीत झाल्यावर झेंड्यांचा देखावा करवत नव्हता, आणि हे दाखवायचं म्हटलं तर ज्या पेठेत घराघरात सैनिक आहेत तिथं ते कसं दाखवायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

पर्याय काय होते

पहिला पर्याय फक्त भारत. चले जाव, लाल किल्ला, मध्यरात्र. खर्च कमी, कपडे तयार, टाळ्या नक्की. वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांचा याला पाठिंबा होता आणि त्यांचं चुकीचं म्हणता येत नाही, रस्त्यावरच्या माणसाला ओळखीचं बघायला आवडतं. पण मग विषयच घ्यायला नको होता.

दुसरा पर्याय अल्जेरिया. फ्रान्स १८३० ला घुसला, जवळजवळ दहा लाख युरोपियन तिथं वस्ती करून राहिले, आणि म्हणूनच १ नोव्हेंबर १९५४ ला सुरू झालेली लढाई १९६२ पर्यंत चालली. जिथं गोरे नुसते राज्य करायला नाही तर जमीन धरून राहायला आले होते तिथं सुटका जास्त रक्तानं झाली, केनियाचंही थोडंफार तसंच, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पण बाँब, छळ, दोन्ही बाजूंनी मारलेली साधी माणसं, हे सगळं गणपतीसमोर बारा मिनिटांत शाळेच्या पोरांकडून करून घेणं कुणाला पटलं नाही.

तिसरा हैती. हा सरांचा आवडता. गुलामांनीच बंड करून फ्रेंचांना हरवलं आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र केला. मग १८२५ ला फ्रान्सच्या राजानं लढाऊ जहाजं पाठवून सांगितलं की मान्यता पाहिजे तर १५ कोटी फ्रँक भरा, आमच्या माणसांची मालमत्ता गेली त्याची भरपाई म्हणून, आणि त्या मालमत्तेत हे गुलाम स्वतः धरलेले होते. पुढं रक्कम ९ कोटींवर आणली पण ती फेडायला काढलेल्या कर्जाचं ओझं १९४७ पर्यंत पुरलं. सरांनी हे सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. तरी काळ, कपडे, जहाजं या सगळ्याचा खर्च बघता हैती मागं पडलं.

चौथा पर्याय एकच देश घ्यायचा, इंडोनेशिया, आणि त्यात सुराबाया न वगळता घ्यायचं. माझं आणि त्या बीएच्या पोरीचं मत इकडं होतं. साम्राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा साहेब येतो. पण साहेब मूठभर होते. बंदूक धरणारा हात, बोटीत कोळसा टाकणारा हात, फाईल लिहिणारा हात हे सगळे गुलाम देशातल्याच माणसांचे होते, आणि हे हात जेव्हा थांबायला लागले तेव्हा साम्राज्याला पुढं जाता येईना. हे इंडोनेशियाच्या गोष्टीत जेवढं उघड दिसतं तेवढं दुसरीकडं कुठं क्वचितच दिसत असेल.

कळीचा निर्णय : मराठा जवान स्टेजवर आणायचा का

यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि जायलाच पाहिजे होता.

तालमीत एक निवृत्त सुभेदार येतात, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांचा ठाम विरोध. "पोरांनो, माझं निम्मं आयुष्य त्या पलटणीत गेलंय. आदेश आला की जायचं असतं, तिथं कुणी विचारत न्हाई तुला पटतंय का. आता ऐंशी वर्षांनी त्यांना रस्त्यावर उभं करून गुन्हेगार ठरवणार व्हय तुमी?" काही पोरं म्हणाली मग नुसतं "ब्रिटिश सैन्य" म्हणू, मराठा शब्दच नको. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं झालं नसतं. पण ज्या घरातनं मेडल आलं तोच पोरगा म्हणाला, मग माझ्या पणजोबांना तुम्ही गोरं करून टाकलं की.

मग सुराबायात प्रत्यक्ष काय झालं ते क्रमानं मांडायचं ठरलं, आणि बीएच्या पोरीनं बैठकीत ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाच्या चळवळीचे नेते सुकार्नो आणि हत्ता यांनी जकार्तात स्वातंत्र्य जाहीर केलं. जपानच्या आधी तिथं डचांचं राज्य होतं, त्यांना ते मान्य नव्हतं पण त्यांच्याकडं तेव्हा तिथं सैन्यच नव्हतं, म्हणून जपान्यांना नि:शस्त्र करायचं आणि कैदी सोडवायचं काम माउंटबॅटनच्या हाताखालच्या फौजेकडं आलं, तोच माउंटबॅटन जो पुढं आपला शेवटचा व्हाइसरॉय झाला. त्या फौजेत मोठा भाग भारतीय जवानांचा. २५ ऑक्टोबरला ब्रिगेड सुराबायात उतरली. तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबीनं तिथल्या लोकांशी बोलणी केली, ठरलं की हत्यारं फक्त जपान्यांची घ्यायची. आणि २७ तारखेला जकार्ताहून आलेल्या विमानातनं शहरावर पत्रकं टाकली गेली, ४८ तासांत सगळ्या इंडोनेशियनांनी हत्यारं खाली ठेवा. खाली मॅलबीचा शब्द एक आणि वरनं पडलेला कागद दुसरंच सांगतोय. दुसऱ्या दिवशी अख्खं शहर उठलं. जवान लहान लहान तुकड्यांत शहरभर विखुरलेले होते. जपानी छावण्यांतनं सोडवलेल्या डच बायकापोरांना घेऊन निघालेल्या ट्रकांवर हल्ला झाला, बंदोबस्ताचे भारतीय जवान त्यांच्यासाठी लढत राहिले. सुकार्नो स्वतः आले, लढाई थांबवली, आणि ३० तारखेला मॅलबी मारला गेला. मग १० नोव्हेंबरपासून मोठा हल्ला, जहाजावरनं तोफा, वरनं विमानं, पाचवी भारतीय डिव्हिजन. हजारो इंडोनेशियन मेले. तो दिवस तिथं आजही वीर दिन म्हणून पाळतात.

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं. ते पत्रकाशी थांबले. "म्हणजे वरच्यानं कागद टाकला आणि निस्तरायला खाली आमची माणसं," एवढंच म्हणाले. पण तरीही तयार नव्हते.

त्यांचं मत बदललं ते घानाच्या गोष्टीनं. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला पश्चिम आफ्रिकेतनंही सैनिक आणले होते. युद्ध संपल्यावर गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला, परत गेलेल्या या माजी सैनिकांनी पेन्शन आणि नोकरीची कबूल केलेली आश्वासनं पाळा म्हणून २८ फेब्रुवारी १९४८ ला आक्रात शांतपणे मोर्चा काढला. पोलिसांनी गोळ्या घातल्या, तिघं माजी सैनिक मेले, शहर पेटलं, आणि तिथनं घानाची चळवळ थांबली नाही ती एन्क्रुमांच्या नेतृत्वात ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्यापर्यंत गेली. मामांचे वडील ब्रह्मदेशात लढलेले. त्या आघाडीवर काळे जवान होते हे त्यांनी वडिलांकडनं ऐकलं होतं, पण घरी गेल्यावर त्यांचं काय झालं हे कधीच ऐकलं नव्हतं. बराच वेळ ते बसून राहिले आणि मग म्हणाले, "नाव घ्या पलटणीचं. पण अर्धं सांगू नका. त्याला कुणी पाठवला, कशाला पाठवला, ते सगळं येऊ दे. आणि स्टेजवर बिल्ला लावायचा न्हाई, तो कमवायचा असतो."

हा तोडगा सगळ्यांनी मानला. साधे हिरवे कपडे, बिल्ला नाही, पट्ट्या नाहीत, पण निवेदनात मराठा हे नाव स्पष्ट. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच, आणि तो आम्हा लिहिणाऱ्यांकडनं नाही तर विरोध करणाऱ्या माणसाकडनं आला.

काम कसं झालं

देखावा तीन भागांत बसवला. पहिला भाग सुराबायातल्या यामातो हॉटेलचा. सप्टेंबर १९४५ ला तिथं डचांनी आपला झेंडा चढवला, लाल पांढरा निळा असा आडव्या पट्ट्यांचा, आणि इंडोनेशियन पोरांनी गच्चीवर चढून खालची निळी पट्टी फाडून टाकली, उरला लाल पांढरा म्हणजे त्यांचा स्वतःचा झेंडा. सजीव देखाव्यासाठी याच्यापेक्षा चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही. पेठेतल्या टेलरकाकांनी झेंडा दोन तुकड्यांत शिवला आणि मधे वेल्क्रो लावलं. पहिल्यांदा वेल्क्रो एवढं घट्ट बसलं की पोरगा ओढतोय आणि अख्खी काठीच वाकतेय, मग काकांनी सलग पट्टीऐवजी मधे मधे तुकडे लावले आणि कापडाची कड मुद्दाम उसवलेली ठेवली, त्यामुळं ओढताना फाटल्याचा आवाज माइकमध्ये बरोबर यायचा.

दुसरा भाग चौकात उभा मराठा जवान. वरनं कागद पडतात. समोर एक इंडोनेशियन पोरगा भाला घेऊन. त्या काळात तिथल्या लोकांनी भिंतींवर इंग्रजीत घोषणा रंगवल्या होत्या, भारतीय जवानांना आवाहन करणारी पत्रकं काढली होती की आमच्या स्वातंत्र्याविरुद्ध लढू नका, आणि काही भारतीय जवान खरोखर त्यांच्या बाजूला गेलेही. पण पणजोबा त्यांच्यात होते का, ते काय विचार करत होते, याचा काहीच पुरावा नव्हता. इथं दोन मतं पडली. एकाचं म्हणणं होतं जवानाला बंदूक खाली ठेवताना दाखवू, लोक रडतील. ते नाकारलं. जे घडल्याचं माहीत नाही ते मेडलवाल्या घराच्या नावावर कसं खपवायचं? म्हणून जवान फक्त तो कागद उचलतो, वाचतो, तेवढ्यात गोळीबार सुरू होतो आणि अंधार.

तिसरा भाग मुंबईचा. १८ फेब्रुवारी १९४६, तलवार या नौदलाच्या तळावरच्या खलाशांनी संप केला, सुरुवात निकृष्ट जेवण आणि शिवीगाळीवरनं झाली, बघता बघता तो कराचीपासून मद्रासपर्यंत पसरला, वीसेक हजार खलाशी त्यात आले. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका होती, आणि एक मागणी अशी की इंडोनेशियातनं भारतीय सैन्य परत बोलवा. हे ऐकून आमच्या पोरांना पहिल्यांदा विश्वासच बसेना. मुंबईच्या गोदीतला खलाशी, ज्याला नीट जेवण मिळत नाही म्हणून तो संपावर गेलाय, तो जाव्यातल्या माणसाची मागणी स्वतःच्या मागणीत घालतो. याच्याच जोडीला ऑस्ट्रेलियाची बंदरं घेतली, तिथं गोदी कामगारांनी डचांच्या जहाजांत माल भरायला नकार दिला आणि त्या जहाजांवरचे भारतीय खलाशीही उतरून गेले.

निवेदनाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, खलाशांनी संप केला म्हणून इंग्रज गेले. बीएच्या पोरीनं ते काढायला लावलं. कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्ता सोडायची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं मंडळ, पाठवायची घोषणा १९ फेब्रुवारीला म्हणजे संपाच्या दुसऱ्याच दिवशी झाली हे खरं, पण असला निर्णय एका रात्रीत होत नाही, तो आधीपासून शिजत होता. युद्धानं ब्रिटन कर्जबाजारी झालं होतं, भारताचंच त्यांच्याकडं शंभर कोटी पौंडांच्या वर येणं होतं, चले जावनंतर देश शांत झालेला नव्हता, आणि वर सैन्यावर भरवसा ठेवता येईल का ही शंका. या सगळ्यातली एक गोष्ट म्हणजे संप. शेवटी वाक्य असं झालं, "ज्या हातांवर राज्य उभं होतं ते हात आता विचार करायला लागले होते." टाळ्यांचं वाक्य गेलं, पण हे बरोबर आहे.

शेवटी एक मिनिट पुढचं काय झालं त्यासाठी. इंग्रज १९४६ अखेर निघून गेले, डचांनी पुढं दोनदा मोठे लष्करी हल्ले केले आणि त्याला नाव दिलं पोलीस कारवाई. ओडिशाचे बिजू पटनाईक स्वतः विमान घेऊन गेले आणि इंडोनेशियाच्या नेत्यांना डचांच्या वेढ्यातनं बाहेर काढून आणलं. जानेवारी १९४९ ला नेहरूंनी दिल्लीत परिषद घेतली, युनोत दबाव वाढला, अमेरिकेनं डचांना मदत बंद करायची भाषा केली, आणि २७ डिसेंबर १९४९ ला डचांनी सत्ता सोडली.

काय झालं

पहिल्या रात्री निळी पट्टी निघाली तेव्हा शिट्ट्या पडल्या. मराठा जवानाच्या प्रसंगाला मात्र गर्दी एकदम गप्प व्हायची. काही लोकांना राग आला, दोन तरुण मंडपात येऊन म्हणाले आपल्याच माणसांची बदनामी करता, तेव्हा मामांनीच त्यांना बाजूला घेतलं आणि पत्रकाची सगळी गोष्ट सांगितली. त्यानंतर मामा रोज संध्याकाळी दोरीजवळ खुर्ची टाकून बसायला लागले, कुणी काही विचारलं की सांगायचे. म्हातारी माणसं त्यांच्याशीच जास्त बोलायची, आमच्या फ्लेक्सवरचा मजकूर कितीजणांनी वाचला कुणास ठाऊक.

सगळ्यात मोठी गोष्ट, लोक घरातली मेडलं घेऊन यायला लागले. डब्यातनं, रुमालात बांधून. बहुतेक बर्मा स्टार, इटलीच्या आघाडीचंही एक होतं, पण आणखी दोन घरांतनं तीच पट्टी निघाली, एस. ई. एशिया. एका घरातल्या आजी म्हणाल्या, त्यांचे सासरे कुठल्याही लढाईचं बोलायचे पण जाव्याचं कधी काढायचे नाहीत. याच्यावरनं काही अंदाज बांधायचा नाही असं आम्ही ठरवलंय, पण ऐकून घेतलं आणि लिहून ठेवलं.

स्पर्धेत क्रमांक आला नाही. परीक्षकांचं म्हणणं होतं विषय लोकांना जड जातो. आमचा अनुभव तसा नाही, लोक खेळ संपल्यावर हलत नव्हते आणि स्वयंसेवकांना दोरी ओढून ओढून पुढं सरकवायला लागत होतं.

वेगळं काय करता आलं असतं

तारखेचा प्रश्न नीट सुटला नाही. फ्लेक्सवर इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची तारीख १७ ऑगस्ट १९४५ लिहायची की २७ डिसेंबर १९४९, यावर वाद झाला आणि छापायची घाई म्हणून दोन्ही छापल्या, खुलासा काही नाही. खरं तर हाच अख्ख्या विषयाचा गाभा होता. गुलाम म्हणतो मी स्वतंत्र झालो ती तारीख धरायची का मालक म्हणतो मी सोडलं ती? डच सरकार कित्येक दशकं १९४९ च धरून बसलं होतं, २००५ ला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यानं १९४५ ची तारीख राजकीय आणि नैतिक अर्थानं मानली, २०२२ ला पंतप्रधान रुटे यांनी त्या युद्धातल्या अतिरेकी हिंसेबद्दल माफी मागितली आणि २०२३ ला १७ ऑगस्ट पूर्णपणे मान्य असल्याचं सांगितलं. एवढी गोष्ट एका वेगळ्या फलकावर सहज बसली असती, शेजारी कोल्हापूरचं १५ ऑगस्ट १९४७ आणि १ मार्च १९४९ टाकलं असतं तर सरांचा पहिल्या बैठकीतला मुद्दाही त्यात आला असता.

दुसरं, हिशोबाची बाजू राहूनच गेली. सत्ता सोडताना डचांनी जवळजवळ साडेचार अब्ज गिल्डरचं कर्ज इंडोनेशियाच्या डोक्यावर ठेवलं, त्यात इंडोनेशियाशीच लढायला केलेला खर्चही आला, आणि पश्चिम न्यू गिनी स्वतःकडं ठेवलं, ते १९६२ पर्यंत सुटलं नाही. वेळ नव्हता म्हणून हे कापलं. माझं मत असं की यामातो हॉटेलचा प्रसंग थोडा लहान करून हे ठेवायला पाहिजे होतं. झेंडा मिळाला म्हणजे सुटलो असं नाही हे त्याशिवाय कळत नाही, हैतीचं उदाहरण तर डोळ्यांसमोर होतंच.

तिसरं बायकांचं. स्टेजवर एकही इंडोनेशियन बाई नव्हती, जपानी छावणीतनं सुटलेली डच बाई नव्हती. तालमीतल्या पोरींनी हे शेवटच्या रिहर्सलला बोलून दाखवलं पण तोवर रेकॉर्डिंग झालं होतं. रेकॉर्डिंगच्या आधी एक वाचन फक्त बघणाऱ्यांसाठी ठेवायचं, त्यात अभिनय करणारे सोडून बाकीचे बोलणार, असं आता ठरलंय.

चौथं, मेडलांची नोंद. लोक वस्तू घेऊन येत होते तेव्हा कुणी फोटो काढले, कुणी नाही, आणि एस. ई. एशिया पट्टीच्या मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं हे आम्हाला उत्सव अर्धा झाल्यावर मामांनी सांगितलं. तो नंबर असला की पुढं शोध घेता येतो. ज्यांना असं काही करायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासून एक वही, एक माणूस आणि चांगला उजेड असलेलं एक टेबल ठेवावं, मेडल पॉलिश करू नये, कड घासली की अक्षरं जातात.

आणि गोव्याचं. पेठेतल्या एका घरातले आजोबा १९५५ च्या गोवा सत्याग्रहाला गेले होते, त्यांच्या नातवानं विचारलं जावा दिसला आणि आंबोली घाटाच्या खाली असलेला गोवा दिसला नाही का. पोर्तुगीजांनी १५१० ला घेतलेला गोवा भारत स्वतंत्र झाल्यावरही चौदा वर्षं त्यांच्याकडंच होता, १५ ऑगस्ट १९५५ ला हद्द ओलांडणाऱ्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर त्यांनी गोळ्या घातल्या, आणि शेवटी डिसेंबर १९६१ ला लष्कर पाठवावं लागलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कुठलीही वसाहत सोडायला तयार नव्हता, त्यामुळं अंगोला आणि मोझांबिक लढत राहिले आणि स्वतंत्र झाले ते १९७५ ला, आणि गोवा भारताचा हे पोर्तुगालनं मान्य केलं ते लिस्बनमधली हुकूमशाही पडल्यावर, १९७४ अखेर. पुढच्या वर्षी हा विषय घ्यायचं मंडळानं बैठकीत मंजूर केलंय. त्या नातवाकडं आजोबांची वही आहे, ती आधी स्कॅन करून घेणार आणि मगच स्क्रिप्टला हात लावणार, एवढं मात्र सगळ्यांनी एकमतानं ठरवलंय.